थांबा म्हणायचा धडा

"पुन्हा," सर म्हणाले आणि त्यांनी खडूने फळ्यावर टकटक केली. समोरच्याला थांबवायची इंग्रजी वाक्यं तिथे लिहिली होती: स्टॉप इट, कट इट आउट, दॅट्स इनफ.

रुक्साना उभी होती. दुबईला नवऱ्याकडे जायचं म्हणून महिनाभरापासून ती मिरजेतल्या या क्लासला येत होती. "इस्टॉप इट," ती सातव्यांदा म्हणाली. पुढच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसली.

"इस्टॉप नाही, स्टॉप. तिकडे गेल्यावर लोक तुला हसतील. पुन्हा."

शेजारी बसलेल्या इंदुमतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं त्या दवाखान्यात नर्स होत्या. मोठे डॉक्टर शिकाऊ पोरींना चारचौघांत घालूनपाडून बोलायचे, आणि इंदुमतीबाई दर वेळी मान खाली घालून गप्प बसायच्या. आता आठव्यांदाही रुक्सानाच्या तोंडून 'इस्टॉप'च आलं, तेव्हा सरसुद्धा हसले.

इंदुमतीबाई उठल्या. खरं तर त्यांना 'स्टॉप' अगदी नीट म्हणता येत होतं.

"सर, इस्टॉप इट."

वर्गातलं हसू विरलं. सर गडबडले. "बाई, तुमचाही उच्चार चुकला."

"पण मी काय म्हणाले ते कळलं ना तुम्हाला?"

"हो, कळलं."

"मग थांबा," असं म्हणून त्यांनी रुक्सानाचा हात धरला आणि तिला खाली बसवलं.