छंदाचा रकाना

"जर्मन गाडी शून्यापासून शंभरावर किती सेकंदांत जाते?" तेजश्रीने तिसऱ्यांदा विचारलं.

"चार," सुजय म्हणाला. "नाही, साडेचार."

"आणि इटालियन?"

"तीही तेवढ्यातच. जवळपास."

तेजश्रीने पेन वहीवर आपटलं. यूपीएससीची मुलाखत चार दिवसांवर आली होती. सुजयची ही शेवटची संधी. आणि या गृहस्थाने अर्जात छंदाच्या रकान्यात लिहून ठेवलं होतं, 'स्पोर्ट्स कारचा तौलनिक अभ्यास'. वाचन, क्रिकेट सगळेच लिहितात, काहीतरी वेगळं लिही, असं क्लासमधल्या कुणीतरी याच्या डोक्यात भरवलं असणार. जिंतूरला याच्या घरी अजून स्कूटरसुद्धा आलेली नव्हती.

दिल्लीत, मुनिरकातल्या सुजयच्या खोलीत मुलाखतीच्या सरावाचा बोर्ड भरला होता. खोलीत खुर्ची एकच, ती तेजश्रीला मिळाली, म्हणून ती अध्यक्ष. समोरच्या खोलीतला निहार उलट्या बादलीवर बसला होता, तो सदस्य. उमेदवार गादीच्या कडेला ताठ बसलेला, वर टाय आणि खाली बर्म्युडा.

तेजश्रीने भौतिकशास्त्रात एमएस्सी केलेली. चार मासिकं चाळून तिने दोन्ही गाड्यांचा तक्ता केला होता. शक्ती, टॉर्क, वजन, कमाल वेग, सगळं एकाखाली एक. सुजय आठवडाभर तो पाठ करत होता आणि विसरत होता.

"टॉर्क म्हणजे काय ते तरी सांग."

"ओढ," सुजय म्हणाला.

"ओढ नाही रे. कितीदा सांगू?"

"मॅडम, उमेदवाराला पाणी पाजू का?" निहारने विचारलं.

"तू गप बस. बरं, आकडे राहू दे. फरक काय, तो तुझ्या शब्दांत सांग."

सुजय जरा सैलावला. "इटालियनचा क्लच जड आहे. चारपाच वेळा दाबला की पोटरीत गोळा येतो. नाक फार खाली, उतारावर तिरकी नाही घेतली तर घासलीच. आणि रिव्हर्स घेताना मागचा खांब अजिबात दिसत नाही. जर्मन त्या मानाने शहाणी. वळव म्हटलं तिथे वळते."

"हे कुठल्या मासिकात आलंय?"

"कुठल्याच नाही."

"मग?"

सुजयने टाय नीट केला.

"स्वप्नात चालवली असेल यार," निहार म्हणाला.

तेजश्रीचा संयम संपला. "सुजय, माझी यंदा मेन्सच गेली. तरी मी माझा अभ्यास सोडून इथे बसलेय, कारण तू तिथवर पोचलायस. ते लोक तुला अडीचशेच्या वेगाला गाडी जमिनीला कशी धरून राहते ते विचारणार, आणि तू त्यांना खांब सांगणार? थापा ते दोन मिनिटांत पकडतात. मग सहा वर्षं पाण्यात."

आता एकदाचं याचं पितळ उघडं पाडायचं, असं तेजश्रीने ठरवलं. तिने चष्मा नाकावर खाली ओढला आणि अध्यक्षांच्या आवाजात विचारलं, "अच्छा. या दोन गाड्या तुम्ही स्वतः कमाल किती वेगाने चालवल्या आहेत?"

"ताशी पंधरा किलोमीटर."

निहार मोठ्याने हसला. तेजश्री हसली नाही. आठवड्यात पहिल्यांदाच सुजयने 'जवळपास' न म्हणता आकडा सांगितला होता.

"पंधराच का?" तिने विचारलं. आवाज आता अध्यक्षांचा राहिला नव्हता.

"गुडगावच्या मॉलमध्ये तळघरात तशी पाटी आहे, मॅडम. मालक वर दारातच उतरतात आणि चावी माझ्या हातात देतात."