चौकटीवरची खूण

स्क्रू-ड्रायव्हर वाशात मुठीपर्यंत गेला. लाकूड नव्हतंच ते. भिजलेला पाव होता. तपासनिसाने तो बाहेर ओढला, काळा भुगा पँटला पुसला आणि माळ्यावर वाकूनच पुढे सरकला. गेल्या आठवड्याच्या वादळाने छपराचा एक कोपरा उचलून शेजारच्या अंगणात टाकला होता. तिथून आभाळ दिसत होतं. पण त्याला आभाळाशी काय देणंघेणं होतं? तो कूज बघायला आला होता, आणि कूज वादळाहून कितीतरी जुनी होती.

विमा कंपनीचा नियम सरळ होता. धडधाकट छप्पर वादळाने मोडलं, तर भरपाई. आधीच कुजलेलं मोडलं, तर मालकाचं नशीब. अठ्ठावीस वर्षं तो याच हिशेबाने अहवाल लिहीत आला होता, आणि त्याचा शब्द कंपनीत कोणी खाली पडू देत नसे. छप्पर तपासून झालं की आढ्यावर खडूने बरोबरची खूण करायची, ही तिथली पद्धत. त्याने आपली खूण केली आणि जुनी शोधायला टॉर्च फिरवला. नऊ वर्षांपूर्वी पॉलिसी काढताना कोणीतरी तपासणी केली असणारच. तो अहवाल कार्यालयात कुठल्याशा गठ्ठ्यात पडला होता. काढून बघायची तसदी त्याने घेतली नव्हती. टॉर्च या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. खूण कुठेच नव्हती.

"कामचोर," तो पुटपुटला. "वर चढलाच नाही लेकाचा."

खाली स्वयंपाकघरात घरमालक, म्हातारा घड्याळजी, खाटेवर पडून होता. एक अंग लुळं पडल्याला दोन वर्षं झाली होती. घरातला तेवढाच कोपरा कोरडा उरला होता, म्हणून बायकोने खाट ओट्याला खेटून लावली होती आणि वर दोन छत्र्या बांधल्या होत्या. भिंतीवरची सहा घड्याळं मात्र काही झालंच नाही अशा थाटात टिकटिकत होती.

"छप्पर चांगलंच होतं, साहेब," घड्याळजी जड जिभेने म्हणाला. "वादळाने दगा दिला. भरपाई मिळाली की महिन्यात उभं करू. नाहीतर लेकीकडे जावं लागेल. जावयाच्या दारात मरण नको मला."

बायकोने हात धुवायला पाणी दिलं, टॉवेल दिला, आणि तो फॉर्म भरायला बसला तशी समोर उभी राहिली. तपासनिसाला दोघांची कीव आली. पण कीव लिहायला फॉर्मवर जागा नव्हती. 'नुकसानीचं कारण' यापुढे त्याने लिहिलं, 'मालकाचा निष्काळजीपणा'. आता सही तेवढी राहिली.

"वासे दहा-बारा वर्षं कुजताहेत, बाई. दुरुस्ती का नाही केलीत?"

"करणारच होतो. सुतार म्हणाला, वासे बदला. पैसे काढूनही ठेवले होते. त्याच आठवड्यात तुमच्या कंपनीचा माणूस आला. म्हणाला, छप्पर ठणठणीत आहे, वीस वर्षं बघायला नको. यांना तेच हवं होतं. सुताराला म्हणाले, तुला काम हवंय म्हणून भीती घालतोस. कंपनी कशाला खोटं बोलेल?"

"लेखी आहे काही?"

"खूण आहे ना!" घड्याळजी खाटेवरून म्हणाला.

बायको तपासनिसाला बाहेरच्या दाराशी घेऊन गेली. चौकटीला निळा रंग होता, थरावर थर दिलेला. खांद्याच्या उंचीवर वाटीएवढी जागा मात्र कोरी सोडली होती. त्यावर घड्याळाची गोल काच बसवली होती, चार बारीक स्क्रूंनी, घड्याळजीच्या हातच्या सफाईने. काचेखाली खडूची खूण होती. आणि ती उलटी होती. तिची लांब रेघ उजवीकडे न जाता डावीकडे गेली होती.

सबंध कंपनीत एकच तपासनीस डावखुरा होता.

"माणूस वाईट नव्हता," बाई म्हणाली. "घाईत होता. बढतीच्या मुलाखतीला जायचंय म्हणाला. नवी कोरी पँट होती अंगावर. मी शिडी पुसून दिली, तर नुसता वर बघून हसला. जाता जाता इथेच खूण करून गेला."

बढती त्याला मिळाली होती. पँट राखाडी होती, तेही आठवलं. घर मात्र काही केल्या आठवेना. त्याला शरम वाटली, आणि खरं सांगायचं तर शरमेहून जास्त भीती वाटली. पेन्शनला दोन वर्षं उरली होती. कंपनीने ठणठणीत ठरवलेल्या छपराचं खापर कंपनीला मालकावर फोडता येत नाही, हे त्याला पाठ होतं. मग ते कोणाच्या डोक्यावर फुटतं, हेही. सही करून निघून गेलं तर इथवर काच बघायला कोण येणार होतं?

बाई त्याच्या पेन धरलेल्या डाव्या हाताकडे बघत होती.

तो उंबऱ्यावरच बसला. फॉर्म गुडघ्यावर ठेवून त्याने 'मालकाचा' हा शब्द खोडला. वर 'तपासनिसाचा' असं लिहिलं, पुढे स्वतःचं नाव लिहिलं, चौकटीवरची खूण आपलीच असल्याचं नोंदवलं आणि सही केली.

"तुम्ही मला ओळखलंत?"

"दारात पाऊल टाकलंत तेव्हाच."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

तिने काचेवरची धूळ बोटाने पुसली.

"बोलले असते, तर तुम्ही याही वेळी वर न चढता दारातूनच परतला असतात."