वर्गात ऐकवायची सीडी

"बाईमाणसाने शीळ घालू नये," असे महाडच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे हैदर सर बायकोला वीस वर्षे सांगत होते. माहरुख शीळ घालूनच कोंबड्यांना दाण्यांवर बोलवायची. गेल्या साली ती वारली.

आज सकाळी सरांनी वर्गासाठी मागवलेली सीडी लावून पाहिली. पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात उपग्रहाने टिपलेल्या, आवाजात उतरवलेल्या प्लाझ्मालहरी. ऐकायला थेट पाखरांची किलबिल, मधूनच एक लांब शीळ.

परसातल्या कोंबड्या धावत घरात शिरल्या.

"सर, भाभी गेल्यापास्नं मी घसा फोडते, एक येत नाय," शेजारच्या काशीबाई दारातून म्हणाल्या. "ह्या डब्यात काय हाय?"

"लहरी."

कोंबड्या संगणकाकडे बघतही नव्हत्या. माहरुख उभी राहायची त्या मागच्या दाराशी माना वर करून थांबल्या होत्या.

सरांनी सीडी काढली. शीळ थांबली नाही.

या वेळी सर काही बोलले नाहीत. चहाचा दुसरा कप तेवढा काढून ठेवला.