काठावरचे सर

"सर हायेत का? विहिरीत मानूस बुडतोय. लौकर पाठवा त्यांला."

दीपमालानं वडिलांचा फोन कानाला घट्ट लावला आणि त्यांच्या खोलीकडे पाहिलं. दार बंद होतं. आत पंखा फिरत होता.

"कोण बोलतंय?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

"भागूबाई. शेंद्र्यात तात्यासाहेबांच्या मळ्यात निंदायला आलोय आमी. मोटारीच्या खोलीवर सरांचा नंबर लिव्हलाय, त्यो लावला."

तो नंबर दीपमालाला माहीत होता. तात्यासाहेबांचा नातू त्या विहिरीत पडला, तेव्हा तिच्या वडिलांनी, विश्वजीत सरांनी, त्याला जिवंत वर काढलं होतं. तात्यासाहेबांनी त्याच दिवशी भिंतीवर चुन्यानं नंबर लिहिला. तेव्हापासून आसपास कुणी बुडालं की पोलिसांच्या आधी चिकलठाण्याच्या या घरी फोन यायचा, आणि सर जेवत्या ताटावरून उठायचे.

पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये ते देशात पहिले आले होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत श्वास न घेता. पुढं शहरात प्रशिक्षक झाले, तेव्हा पोरांना एवढंच सांगायचे, "मान वळली की शर्यत गेली." स्वतः पाण्यात उतरण्याआधी ते गळ्यातली शिट्टी काढून डाव्या चपलेत ठेवत. "सरांची शिट्टी चपलेत गेली रे, पळा!" असं ओरडत पोरं लेन रिकामी करायची.

उन्हाळ्यात हृदयात स्टेंट बसला. डॉक्टरांनी पोहणं बंद केलं. आता शिट्टी दिवसभर गळ्यातच असे आणि सर काठावर. त्यांचा फोन दीपमालानं स्वतःकडे घेतला होता. पोहण्याच्या तलावावर काम करणाऱ्या गयासला तिनं बजावून ठेवलं होतं, सरांना पाण्यात उतरू द्यायचं नाही.

त्यावरूनच काल रात्री भांडण झालं.

"गयासला माझ्यावर पहारा ठेवायला सांगितलंस?"

"हो."

"त्याला मी पोहायला शिकवलं, माले. आज त्यानं माझा हात धरला. म्हणतो, सर, माफ करा, ताईंचा हुकूम है."

"पप्पा, मला तुम्ही हवे आहात."

"आन् मला? मला नको का मी?"

दार आपटून ते आत गेले. सकाळी ती दूध आणायला गेली, परत आली, तरी दार तसंच होतं. उंबऱ्याशी त्यांचे चालायचे बूट होते. स्कूटरची किल्ली तिच्या पर्समध्ये होती. रुसलेत, तर झोपू दे, असं म्हणून तिनं हाक मारली नव्हती.

"ताई, बोला की!"

"गावातल्या कुणाला पोहता येत नाही का?"

"बापे समदे कंपनीत गेलेत. आमी बायाच हाव. पायऱ्या ढासळल्यात. पायपाला धरून हाय त्यो. बोलंना. नुसता वर बगतोय."

म्हणजे जिवंत होता. शेंद्रा काही लांब नव्हतं. दार वाजवलं तर पप्पा उठतील, काही न विचारता निघतील, आणि थंड पाण्यात तशीच उडी टाकतील. दीपमालाला पुढचं दिसू लागलं.

"सर घरी नाहीत," ती म्हणाली.

"या बया! मंग कुठं गेले?"

"बाहेरगावी. तुम्ही दोर सोडा. मी अग्निशमन दलाला कळवते."

तिनं कळवलं. पत्ता नीट सांगितला, पुन्हा सांगितला. गाडी निघाली, असं पलीकडून उत्तर आलं. मग ती बंद दारापाशी गेली. वाजवायला उचललेला हात तिनं खाली घेतला. कळलं तर ते आयुष्यभर बोलणार नाहीत. नाही बोलले तर नाही. असतील तर खरे.

तिनं भागूबाईला फोन लावला. मागं बायकांचा गलका होता.

"दोर सोडला का?"

"सोडला ना. फुड्यात हाय, पन हात उचलंना त्याचा."

"त्याला सांगा, गाडी येतेय. धरून राहा म्हणावं."

भागूबाईनं खाली ओरडून सांगितलं. "ऐकलं बगा त्यानं. मान हालीवली."

दीपमाला फोन धरून उभी राहिली. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग पलीकडचा गलका एकाएकी थांबला.

"भागूबाई?"

"सुटला वो हात."

दीपमाला दाराला पाठ टेकून खाली बसली. तिनं विचारलं, "कोण होता?"

"काय म्हाईत. आमी फर्दापूरकडच्या, हितलं कोनी वळखीचं नाय. जीव द्यायला आल्यावानी बी नवता. लई हौसेनं उतरला. कापडं कशी घडी घालून ठिवलीत काठावर. चपला बी जोडीनं."

"आणखी काही आहे?"

"थांबा, बगते. डाव्या चपलेत शिट्टी हाय."