कोरडा तुकडा

चौतीस वर्षांनी दादा ब्युनोस आयर्सहून जेनोवाला परतला. धक्क्यावरून घराकडे चढताना मी त्याला बजावलं, "आईसमोर फोकाच्चा कॉफीत बुडवू नकोस. बाबा तसाच घास अडकून गेले." बाबा तापानं गेले होते, पण दादाला ते कुठे ठाऊक? जो हा खारा पाव कॉफीत बुडवत नाही, तो आमच्या गावचाच नव्हे. घरी कॉफी प्यायला बसल्यावर आंधळ्या आईनं दादाच्या हातातला तुकडा चाचपला. कोरडा! "हा तर तोतया! घरावर डोळा ठेवून आलाय. आधी हाकल मेल्याला!" "अगं आई, मी जेरोलामो!" दादा माझ्याकडे वळला. "सांग ना रे तिला!" "आई, तुझी बोटं कधी चुकत नाहीत," मी म्हणालो. दादा जिना उतरून गेला. "माझा खरा जेरोलामो आला तर ओळखीन ना मी?" आईनं विचारलं. "लगेच," म्हणत मी माझा पाव कॉफीत बुडवला.