चौथं माणूस

"घरात माणसं किती?" नव्या वसाहतीच्या चौकात स्पॅनिश कारकुनाने विचारलं. पेरूच्या डोंगरातल्या वाड्या मोडून सगळ्यांना सक्तीने इथे आणलं होतं.

"चार," ऊर्पी म्हणाली. नवऱ्याने तिचा हात दाबला, पण शब्द सुटला होता.

"कडेवरच्या पोरीसकट तीनच दिसताहेत. चौथं काय पदरात लपवलंस?"

"सासरे वरच्या गुहेत असतात. त्यांना चालवत नाही."

सासरे वारून वीस वर्षं झाली, तरी त्यांच्या वाळवून जपलेल्या देहाला ती सणासुदीला नवे कपडे घालायची, मक्याची दारू पाजायची. ज्यांचे पूर्वज जिथे बसलेले, तिथली जमीन त्यांची, अशी रीत होती.

कारकुनाने शिपाई पाठवले, सोबत वसाहतीचा पाद्रीही गेला. संध्याकाळी ते हसत परतले. "साहेब, नुसतं वाळलेलं मढं! पाद्रीबाबांनी तिथेच जाळलं."

कारकुनाने चाराचे तीन केले. "गाव कोणतं?"

नवरा खाली बघत म्हणाला, "लिहा, तुम्हाला हवं ते."