हवालदाराचं वजन

“किती खाल्लं आणि कधी खाल्लं?” जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“अख्खा डबा,” सूनबाई म्हणाली. “काळं, कडू चॉकलेट होतं. दुपारी आम्ही बाहेर होतो, तेव्हाच खाल्लं असणार. रिकामा डबा याच्या गोधडीखाली सापडला.”

“दुधाचं असतं तर थोडं तरी बरं होतं. काळं चॉकलेट म्हणजे कुत्र्याला विषच. हृदयावर परिणाम होतो. वेळीच इलाज केला नाही तर जीवही जातो.”

हवालदार टेबलावर आडवा पडून जांभई देत होता. हवालदार हे कुत्र्याचं नाव. घरात चोर शिरला तर हा शेपूट हलवून त्याला स्वयंपाकघर दाखवील, याबद्दल कुणाला शंका नव्हती. त्याच्या डोक्याशी सूनबाईचे सासरे, आप्पा, उभे होते आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली होती. कारण तो डबा त्यांनी स्वतः फस्त केला होता.

आप्पांना मधुमेह होता, म्हणून घरात त्यांना गोडाची बंदी होती. डबा कपाटाच्या वरच्या फळीवर होता. खरं तर त्यांनी एकच तुकडा खायचा ठरवला होता. पण एक काढल्यावर ओळ बोळकी दिसायला लागली, म्हणून ओळ संपवली. मग उरलेल्या ओळी एकट्या पडल्या. शेवटी रिकामा डबा त्यांनी कुत्र्याच्या गोधडीखाली सरकवला. घरात खाण्याचं काही नाहीसं झालं की हवालदाराचं नाव पुढे करायचं, ही त्यांची नेहमीची युक्ती होती आणि हवालदारानं आजवर कधी तक्रार केली नव्हती. फार तर त्याला ओरडा बसेल, असा त्यांचा अंदाज होता. चॉकलेट कुत्र्याच्या जिवावर बेततं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. संध्याकाळी सूनबाईनं डबा पाहिला, आत जाऊन दवाखान्यात फोन केला आणि दोघांनाही गाडीत बसवलं.

“घरी मिठाचं पाणी वगैरे पाजलं नाहीत ना?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बरं केलंत. लोक नाही ते उपाय करून बसतात. मी इंजेक्शन देते. उलटी होऊन पोटातलं सगळं बाहेर पडेल. पण औषध वजनाप्रमाणे द्यावं लागतं. याला काट्यावर घ्या.”

हवालदार काट्यावर चढला आणि पलीकडून उतरला. पुन्हा चढवला, तर अर्धा काट्यावर आणि अर्धा फरशीवर बसला.

“राहू दे,” बाई म्हणाल्या. “अंदाजे देऊ का?”

अंदाजे हा शब्द कानावर पडला आणि आप्पांच्या अंगातला सरकारी नोकर जागा झाला. वजनमापे खात्यात त्यांची हयात गेली होती. बाजारातले काटे तपासताना त्यांनी भल्याभल्या दुकानदारांना घाम फोडला होता. आता कुत्र्याचा जीव टांगणीला लागलेला असतानासुद्धा त्यांना राहवेना.

“अंदाजे काही करायचं नाही,” ते म्हणाले. “मी याला उचलून उभा राहतो. मग एकटा उभा राहतो. एकातून दुसरं वजा करा, झालं.”

आधी त्यांनी काट्याची परीक्षा घेतली. गुडघे टेकून तो फरशीवर सपाट बसला आहे का ते पाहिलं. तळहातानं दाबून सोडला आणि तो शून्यावर परत येतो ना, याची खात्री केली. “काटा चोख आहे,” असा निकाल देऊन ते हवालदाराला छातीशी धरून उभे राहिले. नंतर त्याला सूनबाईच्या हवाली करून एकटे उभे राहिले. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही आकडे मोठ्यानं वाचले. दुसऱ्या आकड्याला सूनबाईच्या भुवया वर गेल्या, पण आप्पांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते ट्रेमधल्या सुईकडे बघत होते.

सुई चांगलीच लांब होती. हवालदाराला पुन्हा टेबलावर ठेवलं, तेव्हा त्यानं आप्पांच्या मनगटावर हनुवटी टेकली आणि सुखानं डोळे मिटले. आप्पांना भरून आलं. खरं बोलावं, तर सूनबाई उद्यापासून कपाटाला कुलूप घालणार आणि जावई-लेकींपर्यंत सगळ्यांना फोन करून त्यांची अब्रू काढणार. गप्प बसावं, तर आपल्यावर जीव टाकणाऱ्या मुक्या जनावराला फुकटची शिक्षा. आजवर त्यांच्या वाटचा ओरडा त्यानं खाल्ला होता, पण सुई ही फार झाली.

“घट्ट धरा हं आजोबा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“त्याला टोचू नका,” आप्पा म्हणाले. “त्यानं काही खाल्लेलं नाही. मी खाल्लं. सगळं मीच खाल्लं.”

मग ते मान खाली घालून सूनबाईच्या तोंडाचा पट्टा सुटायची वाट बघत राहिले. तो काही सुटला नाही. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवून दिलं. ते पार कोरडं होतं, आत औषधाचा थेंबही भरलेला नव्हता. त्यांनी एका चिठ्ठीवर दुसरा आकडा लिहिला आणि चिठ्ठी सूनबाईच्या हातात दिली.

“आप्पा, आपला हवालदार कागद सोलून, परत डब्याचं झाकण लावून ठेवत नाही हो,” सूनबाई म्हणाली. मग तिनं डॉक्टरीणबाईंना मनापासून हात जोडले. “तुमचे फार उपकार झाले. आमच्या डॉक्टरांचा काटा खोटा आहे असं म्हणत आप्पांनी वर्षभर त्याच्यावर पाय ठेवला नव्हता.”